संकर केला की घोडा वेगवान होतो? फिरत्या पोस्टला मुद्देसूद उत्तर

दत्तजयंती जवळ आली, सारंगखेड्याच्या घोडेबाजाराची तयारी सुरू झाली, की घोडेवाल्यांच्या ग्रुपांवर एक पोस्ट हमखास फिरू लागते. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, पण मजकूर साधारण असा असतो: थरोब्रेड (रेसकोर्सवर पळणाऱ्या घोड्यांची जात) ही काही शुद्ध जात नाही. तीन अरबी घोडे इंग्लंडात नेले, तिथल्या साध्या माद्या त्यांच्याकडून भरवल्या, म्हणजे गाभण करवल्या, आणि त्या संकरातून जगातला सर्वांत वेगवान घोडा निघाला. म्हणजे वेग संकरातून येतो. मग आपली मारवाडी, काठियावाडी किंवा भीमथडी घोडी थरोब्रेडकडून भरवली, तर पहिल्याच पिढीत आईबाप दोघांपेक्षा वेगवान शिंगरू मिळणार. अमेरिकेतला क्वार्टर हॉर्स हा त्याचा पुरावा. शुद्ध रक्ताच्या हट्टापायी थरोब्रेडचा वेग केव्हाच थांबलाय, पण धंदा बुडेल म्हणून रेसकोर्सवाले क्रॉस घोड्याला आत येऊ देत नाहीत.

नुसती गंमत म्हणून ही पोस्ट फिरत असती, तर सोडून दिलं असतं. पण तिच्या भरवशावर लोक घोडी भरवतात. अकरा महिने घोडी गाभण, पुढे शिंगरू खोगिराला येईपर्यंत तीन वर्षं, त्याचा चारा-खुराक, डॉक्टर, नालबंद. आणि शेवटी हाती येतो तो ना रेसचा घोडा, ना जातिवंत मारवाडी. म्हणून पोस्टमधला एकेक दावा घेऊन बोलतो.

“तीन अरबी घोड्यांच्या संकरातून वेग आला”

यात अर्धं खरं आहे, आणि त्या अर्ध्या खऱ्यामुळेच बाकीचं खपून जातं. आजच्या प्रत्येक थरोब्रेडची नराची वंशरेषा तीन पूर्वेकडच्या घोड्यांपाशी जाते: बायर्ली टर्क, 1704 साली अलेप्पोहून इंग्लंडात आलेला डार्ली अरेबियन आणि 1729 च्या सुमारास पोहोचलेला गोडॉल्फिन अरेबियन. त्यांना मिळालेल्या माद्यांमध्ये ब्रिटन-आयर्लंडच्या स्थानिक घोड्यांचं रक्त भरपूर होतं, हे मादीच्या बाजूच्या डीएनएवरूनही सिद्ध झालंय. तेव्हा जातीच्या मुळाशी संकर आहे, हे मान्य.

प्रश्न असा की त्या संकराने लगेच वेग दिला का? डार्ली अरेबियनचा सर्वांत गाजलेला वंशज एक्लिप्स. अठरा शर्यती, एकदाही हरला नाही. त्याचा जन्म 1764 चा, म्हणजे डार्ली अरेबियन इंग्लंडात उतरल्यानंतर साठ वर्षांनी, चौथ्या पिढीत. मधल्या काळात दर पिढीला घोडे पळवून पाहिले जात होते, जिंकणाऱ्यांकडून माद्या भरवल्या जात होत्या आणि बाकीचे गाडीला, शिकारीला किंवा शेतीला जात होते.

इथे कुणी फ्लाइंग चिल्डर्सचं नाव काढेल. तो डार्ली अरेबियनचा थेट मुलगा आणि आपल्या काळातला सर्वांत वेगवान घोडा, मग पहिल्याच पिढीत वेग आला की! पण त्याची आई बेटी लीड्स कुणी शेतावरची साधी घोडी नव्हती. शर्यतीच्या घोड्यांच्या जुन्या घराण्यातली होती ती. स्पँकर नावाच्या नामांकित घोड्याचं रक्त तिच्यात बापाकडूनही होतं आणि आईकडूनही. आईचं घराणं आधीच पारखलेलं होतं, ही गोष्ट पोस्टमध्ये कधीच येत नाही.

आता याहून मोठी गोष्ट. डब्लिनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या एमेलीन हिल यांच्या गटाने 2010 साली मायोस्टॅटिन या जनुकाबद्दल संशोधन प्रसिद्ध केलं. स्नायू किती वाढू द्यायचा यावर हे जनुक लगाम ठेवतं. त्यातल्या एका जागी घोड्यात ‘सी’ किंवा ‘टी’ असे दोन प्रकार सापडतात. आईबापांकडून दोन्ही सी मिळालेले थरोब्रेड साधारण 1000 ते 1600 मीटरच्या शर्यतींत चमकतात, एक सी आणि एक टीवाले मधल्या पल्ल्यात, आणि दोन्ही टीवाले 2000 मीटरच्या पुढे. आखूड पल्ल्याचा तो स्फोटक वेग सी प्रकाराशी जोडलेला आहे.

हा सी आला कुठून? पोस्टच्या हिशेबाने अरबी घोड्यांकडून यायला हवा. 2012 साली याचा शोध घेतला गेला. 22 जातीगटांतले 593 घोडे, शिवाय संग्रहालयांत जपलेले 1764 ते 1930 या काळात जन्मलेल्या बारा नामांकित थरोब्रेड नरांचे अवशेष तपासले. निष्कर्ष असा निघाला की टी हा मूळ प्रकार आहे, आणि सी थरोब्रेडमध्ये एकदाच शिरला, अगदी सुरुवातीच्या काळात, ब्रिटनच्या एका स्थानिक मादीकडून. ज्या ‘साध्या माद्यां’ना पोस्ट एका शब्दात उडवून लावते, त्यांच्यापैकीच एकीकडून.

या अभ्यासातला पुढचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सी जातीत शिरला तीनशे वर्षांपूर्वी, पण अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या गाजलेल्या घोड्यांत तो दुर्मीळ होता. दोनशे वर्षं तो जातीच्या रक्तात जवळजवळ पडून राहिला. का? तर त्या काळी घोडे चार-चार मैलांच्या फेऱ्या पळत, तेही एका दिवसात एकापेक्षा जास्त, आणि बहुतेक प्रौढ वयात. तिथे आखूड पल्ल्याच्या स्नायूला किंमत नव्हती. पुढे शर्यती आखूड होत गेल्या, दोन-तीन वर्षांची घोडी-घोडे पळू लागले, आणि मग सीला भाव आला. 1954 साली जन्मलेला निअर्क्टिक आणि 1961 चा त्याचा मुलगा नॉर्दर्न डान्सर यांच्यामार्फत तो जगभर पसरला.

संकराने सी आणून ठेवला, इतकंच. तो वर काढला तो निवडीने: कुठल्या अंतरावर पळवायचं, कोण जिंकलं, कुणाकडून माद्या भरवायच्या. संकरानेच वेग मिळत असता, तर 1720 मध्येच नॉर्दर्न डान्सर जन्माला आला असता.

“पहिल्याच पिढीत आईबापांपेक्षा वेगवान शिंगरू”

हा समज कुठून येतो ते मला ठाऊक आहे, आणि त्यात लोकांचा दोष नाही. संकरित मका पाहिला, संकरित गाय पाहिली. उरुळीकांचनला मणिभाई देसाईंनी 1967 साली बायफ ही संस्था उभी केली आणि पुढे गावोगाव संकरित गाई आल्या, घरं सावरली. पण त्याच गाईचा हिशेब नीट मांडा. होल्स्टीन आणि देशी यांची पहिल्या पिढीची कालवड देशी आईपेक्षा कितीतरी जास्त दूध देते, आणि आपल्या हवेत टिकूनही राहते. मात्र चांगल्या व्यवस्थेतल्या शुद्ध होल्स्टीनइतकं दूध ती देत नाही. ती मधे कुठेतरी असते.

घोड्याच्या वेगाचंही असंच होतं. संकराचा जोम म्हणतात तो प्रजननक्षमता, पिल्लांचं जगणं-वाचणं, काटकपणा अशा गोष्टींत ठळक दिसतो. वेग हा एका जनुकाचा खेळ नाही. हृदयाचा आकार, फुप्फुसं, स्नायूतंतूंचं प्रमाण, पायाच्या हाडांची लांबी, खांद्याचा कोन, पाठीची लवचीकता हे सगळं एकमेकांशी जुळावं लागतं. भरधाव पळताना घोडा एका झेपेला एकच श्वास घेतो, कारण पोटातले अवयव आणि छाती त्याच तालावर पुढे-मागे होतात. चांगल्या थरोब्रेडची झेप सहा-सात मीटरची आणि सेकंदाला दोनाहून जास्त झेपा. लांब झेपेच्या बापाचे पाय आणि आखूड, उचलत्या चालीच्या आईचा खांदा एका शरीरात आला, तर दोघांपेक्षा चांगलं काहीतरी तयार होईल असं मानायला आधार नाही. बहुतेक वेळा झेप आखूड होते आणि ताल बिघडतो.

आता आईची बाजू पाहा. सारंगखेड्याला तापीकाठी घोडी बघायला येणारा माणूस काय तपासतो? कानांची टोकं जुळतात का. भोवरे कुठे आहेत, देवमणी, म्हणजे गळ्यावरचा शुभ मानला जाणारा भोवरा, आहे का. पंचकल्याणी, म्हणजे चार पाय आणि तोंड पांढरं असलेली, आहे का, नुकरा म्हणजे पांढरी असेल तर कातडी गुलाबी आहे का. मग रेवाल, म्हणजे स्वाराला धक्के न देणारी, चाल काढायला लावतो, नाचवून बघतो. या गोष्टींना शेकडो वर्षांची परंपरा आहे आणि त्या परंपरेबद्दल मला मनापासून आदर आहे. पण त्या घोडीची आई, आजी, पणजी 1200 मीटर किती सेकंदांत पळाली हे कुणी कधी मोजलेलं नसतं. शिंगराचा निम्मा वारसा अशा घराण्यातून येतो जिथे वेगासाठी निवड झालेलीच नाही. बापाकडे तीनशे वर्षांची निवड, आईकडे वेगळ्याच गुणांची निवड, आणि शिंगराला प्रत्येकाकडून निम्मं.

मग लोक म्हणतात, “आमच्याकडे क्रॉस घोडा गावच्या शर्यतीत सगळ्यांना मागे टाकतो.” टाकत असेल. तिथे त्याच्याबरोबर देशी घोडे आणि टट्टू पळत असतात. तो आईच्या जातीला हरवतो. बापाच्या जातीला हरवलं का, ही परीक्षा कुणी घेत नाही. पुण्याच्या किंवा महालक्ष्मीच्या धावपट्टीवर 1200 मीटरचं अंतर बरा घोडा एक मिनिट दहा सेकंदांच्या आसपास कापतो. तिथे एका सेकंदाचा फरक म्हणजे पाच-सहा घोड्यांच्या लांबीचा फरक. चार सेकंदांनी मागे पडलेला घोडा गावात राजा असला, तरी तिथे शेवटून पहिला.

आणखी एक दाखला देतो. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये पुन्हा नव्याने अरबी नर आणून थरोब्रेड माद्यांवर लावून पाहिले गेले. अरबी रक्ताने जातीला पुन्हा बळ येईल अशी आशा होती. ती शिंगरं मोठ्या शर्यतींत टिकली नाहीत, कारण तोवर थरोब्रेड आपल्या अरबी पूर्वजांच्या फार पुढे निघून गेला होता. आपल्या मुंबईतही एके काळी आखातातून येणाऱ्या अरबी घोड्यांचा मोठा बाजार होता आणि त्यांच्या शर्यती वेगळ्या होत. थरोब्रेडबरोबर पळवणं म्हणजे अरबी घोड्यावर अन्यायच झाला असता. त्याच अरबी घोड्याला शंभर मैलांच्या सहनशक्तीच्या शर्यतीत उतरवा, तिथे तो थरोब्रेडला मान वर करू देत नाही. प्रत्येक जातीचं आपलं अंतर असतं.

“क्वार्टर हॉर्स हा संकर आहे, आणि तो थरोब्रेडपेक्षा वेगवान आहे”

चारशे मीटरला वेगवान आहे, हे अगदी खरं. 440 यार्ड, म्हणजे सुमारे 402 मीटर, फर्स्ट मूनफ्लॅश नावाचा क्वार्टर हॉर्स 2009 साली 20.27 सेकंदांत पळाला. थरोब्रेडमध्ये विनिंग ब्रू या घोडीने 2008 साली तेच अंतर 20.57 सेकंदांत कापलं होतं. पल्ला 1600 मीटरचा करा, की क्वार्टर हॉर्स दमतो आणि थरोब्रेड निघून जातो.

पण या जातीतून पोस्टवाल्यांना जे सिद्ध करायचंय, त्याच्या उलटच सिद्ध होतं. व्हर्जिनियातल्या वसाहतींपासून आजपर्यंत क्वार्टर हॉर्स पाव मैलासाठीच निवडला गेला. वेग वाढवायचा झाला तेव्हा त्यात वेगवान थरोब्रेडचंच रक्त घातलं. 1940 साली जन्मलेला थ्री बार्स हा थरोब्रेड शर्यतीच्या क्वार्टर हॉर्सचा मोठा पूर्वज मानला जातो. आणि तिथलं नोंदणीचं धोरण बघा: थरोब्रेडशी संकर झालेलं शिंगरू थेट मुख्य नोंदवहीत जात नाही, आधी वेगळ्या यादीत राहतं, आणि कर्तबगारी दाखवल्यावर पुढे सरकतं. अमेरिकनांनी संकराला दार उघडं ठेवलं, पण दारात स्टॉपवॉच घेऊन माणूस बसवला.

“धंद्यासाठी क्रॉस घोड्याला आत येऊ देत नाहीत”

याचं उत्तर जरा लांब देतो, कारण इतिहासात या आरोपाला खरोखर आधार मिळतो.

1908 साली न्यूयॉर्कमध्ये सट्ट्यावर बंदी आली, अमेरिकेतल्या शर्यती कोलमडल्या आणि अमेरिकन घोडे जहाजं भरभरून इंग्लंडात येऊ लागले. ब्रिटिश ब्रीडर घाबरले. 1913 साली लॉर्ड जर्सी यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम आला: ज्या घोड्याचा प्रत्येक पूर्वज जनरल स्टड बुकमध्ये, म्हणजे थरोब्रेडच्या ब्रिटिश वंशनोंदवहीत, सापडत नाही, त्याची नोंद होणार नाही. लेक्सिंग्टनसारख्या महान अमेरिकन नराचं रक्त असलेले घोडे एका फटक्यात ‘अर्धरक्ताचे’ ठरले, कारण त्यांच्या जुन्या पूर्वजांचे कागद पूर्ण नव्हते.

पुढच्याच वर्षी, 1914 साली, असाच एक ‘अर्धरक्ताचा’ ठरवलेला, ‘दरबार दुसरा’ नावाचा घोडा इंग्लंडातली एप्समची डर्बी ही मोठी शर्यत जिंकून गेला. हे चालतच राहिलं. 1948 साली असल्याच घोड्यांपैकी माय बाबूने टू थाउजंड गिनीज जिंकली, ब्लॅक टार्क्विनने सेंट लेजर, दोन्ही इंग्लंडातल्या मानाच्या शर्यती. शेवटी 1949 मध्ये तो नियम बदलावा लागला. त्यामागे धंद्याचा स्वार्थ होताच, आणि तो धावपट्टीवरच उघडा पडला.

पण हे घोडे काही पहिल्या पिढीचे क्रॉस नव्हते. कागद अपुरे होते, पण पिढ्यानपिढ्या ते शर्यतीत पारखलेले थरोब्रेडच होते. फ्रान्समध्ये ‘शुद्ध रक्ताव्यतिरिक्त’ या नावाखाली नोंद होणारे घोडे आहेत. त्यांतल्याच द फेलोने 1994 साली चेल्टनहॅमचा गोल्ड कप जिंकला. ती शर्यत अडथळ्यांवरून उड्या मारत पाच किलोमीटरच्या वर पळायची असते, तिथे दम आणि उडी लागते. आणि या घोड्यांतही बहुतेक रक्त थरोब्रेडचंच असतं.

आज आपल्याकडे थरोब्रेडची नोंद पुण्याची स्टड बुक ऑथॉरिटी ऑफ इंडिया ठेवते. डीएनएवरून आईबाप तपासतात, मायक्रोचिप बसवतात, पासपोर्ट देतात. क्रॉस घोड्याला रस्ता अजिबात नाही असं नाही. आंतरराष्ट्रीय नियमानुसार सलग आठ पिढ्या थरोब्रेडशी संकर झाला आणि त्या घोड्याने शर्यतीत थरोब्रेडच्या तोडीची कामगिरी दाखवली, तर त्याला जातीत घेता येतं. आठव्या पिढीत मूळ मारवाडी घोडीचा वाटा किती उरतो? 256 मध्ये एक. एवढं करायला घाई केली तरी तीन दशकांहून जास्त लागतील. नियम कडक आहे, मान्य. पण पहिल्या पिढीचा क्रॉस उद्या खुल्या शर्यतीत उतरवला, तर त्याला हरवायला नियमाची गरज पडणार नाही.

“शुद्ध रक्तामुळे थरोब्रेडचा वेग थांबलाय”

सेक्रेटेरियट या घोड्याचा बेलमाँट स्टेक्स या अमेरिकन शर्यतीतला 1973 चा 2 मिनिटं 24 सेकंदांचा विक्रम अजून अबाधित आहे, हे दाखवून नेहमी असं म्हटलं जातं. एका असामान्य घोड्याच्या विक्रमावरून सगळ्या जातीचा निकाल लावता येत नाही. ब्रिटनमधल्या शर्यतींच्या वेळा 1850 पासून 2012 पर्यंत तपासणारा एक्झेटर विद्यापीठातला अभ्यास 2015 मध्ये आला. त्यात दिसलं की घोडे अजूनही वेगवान होतायत, विशेषतः आखूड पल्ल्याला. लांब पल्ल्याला मात्र सुधारणा जेमतेम.

जवळच्या नात्यातल्या प्रजननाची काळजी मात्र खरी आहे आणि ती उडवून लावू नये. गेल्या अर्धशतकात जगभरच्या थरोब्रेडमध्ये ते वाढलंय, नॉर्दर्न डान्सरचं नाव बहुतेक वंशावळींत येतं, आणि जितकं नातं जवळचं तितकी घोडा शर्यतीपर्यंत पोहोचण्याची शक्यता कमी होते, असं संशोधन सांगतं. पण त्यावरचा इलाज जातीच्या आतच आहे: दूरच्या वंशरेषेतला नर शोधणं आणि एकाच लोकप्रिय नराकडे सगळ्या माद्या न नेणं. त्यासाठी जातीबाहेर गेलं तर आजाराबरोबर वेगही जाईल.

आणि जे पोस्टमध्ये नाहीच

थरोब्रेडला संकराने काही होत नाही, त्याची नोंदवही बाहेरच्या रक्ताला जवळजवळ बंद आहे. झीज होते ती आपल्या जातींची. भीमेच्या खोऱ्यातला भीमथडी घोडा मराठ्यांच्या घोडदळाचा आधार होता. बुटका, काटक, कमी चाऱ्यावर घाट चढणारा. आज धनगरांच्या कळपांबरोबर बिऱ्हाड वाहत तो कसाबसा टिकून आहे, आणि राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने अलीकडेच त्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद केलीय. अशा जातीची एक घोडी ‘थरोब्रेड क्रॉस’साठी भरवली, की जातीचं एक वर्ष वाया जातं. अशी दहा शिंगरं झाली, की त्या भागात शुद्ध नर शोधावा लागतो.

ज्याला सवारीसाठी, उड्यांसाठी किंवा सहनशक्तीच्या शर्यतीसाठी उंच आणि काटक घोडा हवाय, त्याने विचारपूर्वक क्रॉस जरूर करावा. त्यासाठी तो चांगला असतो. पण ‘रेसच्या रक्ताचं आहे’ म्हणून कुणी शिंगराचे जादा पैसे मागितले, तर आधी बापाचा पासपोर्ट आणि मायक्रोचिपचा नंबर मागावा, आणि मग मोजलेल्या सपाट 1200 मीटरवर, अंगावर पंचावन्न किलोंचा स्वार बसवून, घड्याळ लावून त्याला पळवायला सांगावं. आणि घरी भीमथडी घोडी असेल, तर ती भीमथडी नराकडूनच भरवावी.